कोकणातली सफारी : आधी भरती-ओहोटी, मग कॅमेरा

खाजणकाठ | ४ डिसेंबर, रात्री ९:२०

ताडोबा-कान्हाच्या सफारीचे धागे इथे भरपूर आहेत. वाघ कुठल्या झोनमध्ये दिसतोय, जिप्सी कुणाची घ्यावी, सगळं मिळतं. कोकण किनाऱ्यावर फोटो काढायला यायचंय म्हणून विपूत (विचारपुशीत) विचारणारे मात्र बहुतेक जण एकच प्रश्न करतात, "सफारी कुठून सुटते?" म्हणून मला ठाऊक आहे ते एकदा सविस्तर लिहितो. बाकीच्यांनी भर घालावी.

फणसाड, कर्नाळा यांसारखी अभयारण्यं सोडली तर आपल्याकडे फाटक, तिकीट, जिप्सी असा प्रकार नाही. इथले प्राणी-पक्षी गावाला लागूनच राहतात. समुद्री गरुडाचं घरटं कुणाच्या तरी आंब्यावर नाहीतर सुरूवर असतं, मगर खाडीच्या चिखलात, कासव पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर. त्यामुळे इथली वेळ वनखातं ठरवत नाही, पाणी ठरवतं. भरती कधी आणि सुकती (ओहोटी) कधी हे न बघता आलात तर लेन्स कितीही मोठी असू दे, समोर रिकामा किनारा असतो.

भरतीचं गणित किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाच्या जरा पुढे पुन्हा भरती आणि मधे दुपारी बाराच्या सुमारास सुकती. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासून. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते आणि पाणीही खूप चढतं-उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हलत नाही, तो भांग. हा सगळा अंदाज आहे. वेळ पुढेमागे होते आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. तेव्हा दिवस तिथीवरून ठरवा आणि घड्याळासाठी भरतीचं कोष्टक बघा.

आता उजेड. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य डोंगरामागून, जमिनीकडून वर येतो. सकाळी पाठ माडांकडे आणि तोंड समुद्राकडे करून बसलात की पाण्याच्या कडेला फिरणाऱ्या पाखरांवर समोरून ऊन पडतं. डोळ्यात चमक येते, पिसांचे पदर सुटे दिसतात. संध्याकाळी सूर्य समुद्रावर आणि पाखरू काळं. सूर्यास्तावरच्या काळ्या आकृत्या हव्या असतील तर संध्याकाळी या, पक्षी ओळखू यायला हवा असेल तर सकाळी.

आणि वारा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाखरं वाऱ्याला तोंड करून बसतात, उडतात आणि उतरतातही वाऱ्याला तोंड करूनच. म्हणजे सकाळी त्यांचे चेहरे तुमच्याकडे आणि उड्डाणही तुमच्याच दिशेने. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की सगळ्यांच्या पाठी दिसायला लागतात.

हे तिन्ही जुळतील असे दिवस निवडायचे. चिखल्या, तुतवार अशा किनाऱ्यावरच्या पाखरांसाठी एकादशी ते त्रयोदशी. तेव्हा भरती सव्वाआठ ते दहाच्या दरम्यान पुरी होते. उजाडताना जाऊन वाळूवर आडवं व्हायचं आणि हलायचं नाही. सुकतीला दूरवर पांगलेली पाखरं पाण्यापुढे सरकत सरकत तुमच्याजवळ येतात. आपण त्यांच्याकडे जायचं नसतं, पाणी त्यांना आणतं. मगरींसाठी चतुर्थी-पंचमी धरा. भरती पहाटे होऊन जाते, सकाळी नऊ-दहाला सुकती लागते, चिखलाचे काठ उघडे पडतात आणि थंडीच्या दिवसांत मगरी त्यावर ऊन खायला येतात. ओल्या वाळूतली संध्याकाळची प्रतिबिंबं हवी असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास या. सहाच्या सुमारास उधाणाची सुकती असते आणि पुळण लांबवर मोकळी होते.

एक विनंती पहिल्याच पोस्टमध्ये करतो. इथे बहुतेक ठिकाणी "गाडीतून उतरू नका" म्हणणारा गार्ड नसतो. अंतर आपणच राखायचं. हिवाळी पाखरं उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये परत निघण्याआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते आणि चरायला वेळ मिळतो तो भरती-ओहोटीच्या फटीत तेवढाच. उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यात धावत जाणारे लोक मी दर हिवाळ्यात बघतो. त्या एका फोटोपायी अख्ख्या थव्याचं चरणं मोडतं.

पाणकावळा | ४ डिसेंबर, रात्री १०:४५

वाऱ्याचा मुद्दा फार कामाचा. एक भर घालतो.

उडते पक्षी टिपायचा हात बसवायचा असेल तर हर्णै बंदरात जा. संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो तेव्हा ब्राह्मणी घारी, साध्या घारी, कुरव (सीगल), बगळे यांची झुंबड असते. ती पाखरं माणसांना सरावलेली आहेत, तुमच्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. शटर १/२००० च्या खाली आणू नका, सलग फोकसवर ठेवा आणि घार खाली झेपावायच्या आधीपासून कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत राहा. ती पाण्यावरून मासा उचलते तो क्षण डोळ्याला दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. घार आधी घिरटी लहान करते आणि मान खाली वळवते. तिथून सलग फोटो सुरू करायचे.

कुरव आणि बगळे पांढरेशुभ्र, मागचं पाणी बहुतेक गडद. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप तरी खाली घ्या, नाहीतर पिसांचा चुना होतो.

आणि कुरवांना शेव, फरसाण, कुरकुरे फेकू नका. जवळून फोटो मिळतात म्हणून हे सर्रास चालतं. मासे खाणारा पक्षी आहे तो, तेलकट-खारट खाणं त्याचं अन्न नव्हे.

मधलीआळी | ५ डिसेंबर, सकाळी ११:१०

छान धागा. आम्ही पुण्याहून मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं बघायला जायचं म्हणतोय, मुलं दहा आणि सात वर्षांची. मोठा कॅमेरा नाही. मोबाइल आणि एक जुना डीएसएलआर, त्याला ५५-२५० लेन्स. सकाळची वेळ बरी की संध्याकाळची? मुलांना पिल्लं जवळून बघता येतात का?

पुळणवाट | ५ डिसेंबर, दुपारी ३:३५

@मधलीआळी ताई, मी किनाऱ्यावरच्या कासवांच्या कामात स्वयंसेवक म्हणून असते, त्यामुळे जरा लांबण लावते.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री पुळणीवर येऊन वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. पुन्हा ढुंकून बघत नाहीत. कोल्हे, कुत्री आणि पूर्वी माणसंही ती अंडी उकरून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासच्या ग्रामस्थांबरोबर संरक्षणाचं काम सुरू केलं. अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तशाच खड्ड्यात ठेवायची, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्राच्या दिशेने सोडायची. आता आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा बऱ्याच किनाऱ्यांवर गावकरी आणि वनखातं मिळून हे करतात. तुम्ही ज्याला कासव महोत्सव म्हणून येता त्याच्यामागे गावातल्या माणसांनी रोज पहाटे तुडवलेली वाळू आहे.

वेळासला पिल्लं साधारण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला सोडतात, अर्थात निघाली असतील तर. खड्ड्यावर उपडी ठेवलेली टोपली उचलल्यावर खाली रिकामी वाळूही असते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. दोन मुक्काम ठेवलेत तर संधी वाढते.

फोटोसाठी मला सकाळ आवडते, कारण वर लिहिलंय तसं ऊन पाठीशी असतं. डोंगराआडून सूर्य वर यायला वेळ लागतो, त्यामुळे सातला उजेड मऊ असतो. संध्याकाळी पिल्लू सूर्याकडे चाललेलं दिसतं, त्याच्या ओल्या पाठीला सोनेरी कड येते, पण उजेड झपाट्याने जातो. तुमची ५५-२५० अगदी पुरेशी आहे. शटर १/५००, आयएसओ १६०० पर्यंत बेलाशक चढवा. दोरीच्या बाहेर बसा आणि कॅमेरा वाळूला टेकवा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पिल्लू नुसता काळा ठिपका दिसतं. जमिनीलगत आलात की त्याची उचललेली मान आणि समोरची लाट एकाच चौकटीत येते.

दोरी का आहे तेही मुलांना दाखवा. पिल्लू काडेपेटीएवढं असतं. तुमच्या टाचेचा खड्डा त्याला विहीर होतो. ते कड चढतं, वाळू ढासळते, परत घसरतं, एखाद्या वेळी उलटं पडतं आणि चारी वल्ही हवेत मारत राहतं. अंड्यातून निघताना बरोबर आलेली शिदोरी पोहून खोल पाण्यात पोचायला असते, ती इथेच संपायला लागते. म्हणून पिल्लं सोडायच्या पट्ट्यात कुणालाही चालू देत नाहीत. हातात घेऊन फोटो काढायला मिळत नाही आणि तसं मागूही नका. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे.

फ्लॅश बंद. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा असतो, तोही मेनूत जाऊन बंद करा, तो कुणाच्या लक्षात येत नाही. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. समुद्रावरचं आभाळ अंधारातही जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यावर त्यांची दिशा ठरते. मागून बॅटरी मारली की पिल्लू चक्क वळून गावाकडे चालायला लागतं. आणि रात्री मादीचा फोटो मिळेल म्हणून टॉर्च घेऊन पुळणीवर फिरू नका. वर येणारी मादी उजेड-हालचाल बघून अंडी न घालता परत फिरते.

मुलांसाठी एक गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला सोडलं, तिचं नाव 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' दक्षिणेला जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ओडिशात २०२१ साली लावलेला बिल्ला सापडला! आपण पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी समजत होतो.

मधलीआळी | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:०२

@पुळणवाट, किती मनापासून लिहिलंय. मुलांना आत्ताच वाचून दाखवलं. धाकटीने विचारलं, बिल्ला दुखतो का? 🙂

पुळणवाट | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

कान टोचण्याइतकं, असं सांगा तिला.

दर्याचोझील | ५ डिसेंबर, रात्री ११:२५

मी मालवणचो. बाबा माजे होडयेर असत, मी सुट्टेत तेंच्या वांगडा जातंय. डॉल्फिनांवर कोणी लिवल्यान नाय म्हणान लिवतंय. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत.

आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक करून कुबड असलेला डॉल्फिन. उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी मासे धरतो. टीव्हीवर दिसतो तसा होडीपुढे उड्या मारत नाही, लाजरा आहे. वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर येते, मग पाठीचं कुबड आणि त्यावरचा छोटा पर, मग पाठ वळते आणि संपलं. शेपूट क्वचित दिसते. दोन-चार वेळा थोड्या थोड्या वेळाने श्वास घेतो आणि मग लांब बुडी मारतो. त्यामुळे पहिल्यांदा दिसल्यावर कॅमेरा तिकडे फिरवला तर नुसतं पाणी मिळतं. पहिल्या दर्शनाला फोटो काढूच नका. तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघा, त्याच्या थोडं पुढे पाण्यावर फोकस लावून ठेवा आणि वाट बघा.

होडीवर ट्रायपॉड निरुपयोगी. इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते. फळीवर बसा, कोपर गुडघ्यावर टेकवू नका, अंग सैल सोडा म्हणजे होडीचं हलणं कमरेत जिरतं. शटर १/१६०० वगैरे. १००-४०० सारखी झूम बरी, कारण तो कधी लांब, कधी एकदम बाजूला निघतो.

आता खरी गोष्ट. होडीवाला डॉल्फिनांच्या मागे होडी का पळवतो? कारण किनाऱ्यावरच ठरलेलं असतं, "डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे देणार नाही." एका ठिकाणी मी बघितलंय, एका कळपाभोवती चहूबाजूंनी होड्या, प्रत्येकीचं इंजिन चालू, मधे पिल्लू असलेली मादी. ती परत तिथे वर आलीच नाही. म्हणून होडीत चढायच्या आधी स्पष्ट सांगा : दिसो न दिसो, ठरलेले पैसे देणार, पण होडी त्यांच्या बाजूने समांतर ठेवायची, आडवी घालायची नाही, आणि लांबूनच इंजिन बंद. एवढं ऐकलं की बरेच तांडेल खूश होतात. डिझेल वाचतं त्यांचं! बाबा म्हणतत, "इंजान बंद करा नि गप रवा, ते आपसूक येतले." नेहमी येतातच असं नाही, पण जे येतात ते निवांत असतात, आणि फोटोत ते दिसतं.

गाणीकाठ | ६ डिसेंबर, सकाळी ८:१५

फणसाडबद्दल थोडंसं. मुरुड आणि रोह्याच्या मधलं हे रान, जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल होतं, १९८६ पासून अभयारण्य. आत पाणवठ्यांना गाण म्हणतात. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटलं की गाणीवर नुसतं बसून राहिलं तरी दिवस सार्थकी लागतो. सुपेगावाकडून आत जाता येतं, स्थानिक वाटाड्या घ्या.

शेकरूसाठी सकाळ. ते शेंड्यावर असतं, वर आभाळ पांढरं, त्यामुळे एक्स्पोजर एक स्टॉप वर चढवावं लागतं, म्हणजे पाणकावळ्यांनी बगळ्यांसाठी सांगितलं त्याच्या उलट. बिबट्या आहे, पण तो दिसेल या आशेने येऊ नका. झाडांसाठी, फुलपाखरांसाठी, शेकरूसाठी या.

भिजकीपायरी | ६ डिसेंबर, दुपारी १२:५०

देवगडला सासर आहे, वर्षातून बऱ्याचदा जाणं होतं. माझ्या एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. ही बुरशी का? काय करू?

भिंगवाला | ६ डिसेंबर, दुपारी २:२०

हो, बुरशीच. आतल्या भिंगावर असेल तर स्वतः उघडू नका, लेन्स दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या. लवकर दिलीत तर पुसून निघते. उशीर झाला तर तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो आणि डाग कायमचा राहतो. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून लांब ठेवा.

कोकणात कॅमेऱ्याचे दोन वैरी, मीठ आणि दमट हवा. समुद्रावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मगच कापड लावा, नाहीतर वाळू काच घासून काढते. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि लेन्सची नळी पुसा, लगेच कोरड्याने पुसा. कोरडं फडकं एकट्याने मिठाला काढत नाही, पसरवतं. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, वाळवूनच मिटा. पुळणीवर लेन्स बदलू नका.

ठेवायला हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. जेल रंग बदललं की तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्स ठेवून देऊ नका, बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो. एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर धुकं येतं ते पुसत बसू नका. पोचायच्या आधीच एसी बंद करून काचा खाली करा, कॅमेरा हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्या.

रानमोगरी | ६ डिसेंबर, रात्री ९:०५

सगळं वाचलं, बरंचसं पटलं. पण अंतर राखा म्हणताना घरट्यांच्या फोटोंवर सरसकट टीका होते, ती मला मान्य नाही. तिबोटी खंड्याचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात तो कोकणात मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या वाडीत अशी दरड आहे. त्यांनी समोर झापांचा आडोसा केला, फोटोवाले येतात, राहतात, जेवतात. पावसाळ्यात त्या घराला दुसरं उत्पन्न नाही. फोटोवाले आले नसते तर ती दरड जेसीबीने कधीच सपाट झाली असती. मग फायदा झाला की तोटा?

खाजणकाठ | ६ डिसेंबर, रात्री १०:३०

@रानमोगरी, दरड वाचली हे खरं आणि ते मोठं आहे. पण त्या आडोशामागे काय चालतं यावर सगळं अवलंबून आहे. मी पाहिलेलं सांगतो.

हा पक्षी मुठीत मावेल एवढा. चोचीत पाल नाहीतर खेकडा घेऊन येतो, बिळासमोरच्या फांदीवर बसतो आणि सरळ आत शिरतो. माणसं जास्त जवळ असली की तो शिरत नाही. फांदीवरच बसून मान वरखाली करत राहतो, चोचीतली शिकार तशीच. उडून जातो, परत येतो, परत तेच. कॅमेऱ्यामागच्या माणसाला वाटतं काय छान पोज देतोय, दहा मिनिटं बसलाय! आत पिल्लं तेवढा वेळ उपाशी असतात. घरट्याजवळचे जे फोटो आपण "अप्रतिम" म्हणून उचलून धरतो त्यातले बरेच नेमके याच अवस्थेतले असतात : चोचीत शिकार, पक्षी स्थिर, नजर कॅमेऱ्याकडे.

धनेशाचं तर आणखी अवघड. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तिचं आणि पुढे पिल्लाचं पोट एकट्या नरावर. तो बिचकला तर आतल्यांना बाहेर पडून खाणं शोधायची सोय नाही.

पुळणवाट | ६ डिसेंबर, रात्री ११:१०

+१. आणि बिळ उघडं दिसावं म्हणून समोरच्या फांद्या छाटतात ते सर्वांत वाईट. फोटोवाले गेल्यावर साप आणि मुंगसालाही तेच बीळ तितकंच उघडं दिसतं.

रानमोगरी | ७ डिसेंबर, सकाळी ७:४०

मान वरखाली करण्याबद्दल पटलं, ते मी या नजरेने बघितलं नव्हतं. त्या कुटुंबाशी बोलते. आडोसा मागे नेता येईल, आणि पक्षी आत शिरेनासा झाला की बैठक मोडायची असा नियम त्यांना घालता येईल. फांद्या ते छाटत नाहीत, हे मी खात्रीने सांगते.

पण पूर्ण बंद करा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न तसाच आहे. ज्या घराने दरड राखली त्याला त्याचा मोबदला कुठून मिळणार? डॉल्फिनसाठी तांडेलला दिसो न दिसो पैसे द्या म्हणता, मग दरड राखणाऱ्यालाही पक्षी दिसो न दिसो मुक्कामाचे पैसे मिळाले पाहिजेत.

दर्याचोझील | ७ डिसेंबर, सकाळी ९:२०

@रानमोगरी ह्या बरोबर बोललात. शंभर टक्के.

खाजणकाठ | ७ डिसेंबर, सकाळी ९:५५

हे मलाही मान्य. पावसाळ्यात तशा घरी जाऊन राहा, वाडीतली फुलपाखरं-बेडूक टिपा, खंड्या आडोशामागून दिसला तर दिसला. घरट्याचा फोटो हवाच हा हट्ट सुटला की पैशांचं गणितही सोपं होतं.

सड्यावरचा | ७ डिसेंबर, दुपारी ४:१५

रत्नागिरी-राजापूरचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, राहिले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कातळावर सीतेची आसवं, गेंद फुलतात. खाली वाकायला गुडघे टेकता तिथेही फुलंच असतात, तेव्हा उघडा कातळ बघून बसा. तिथल्याच कातळशिल्पांत हत्ती, मासे, मोर दिसतात. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात तर किती प्राणी खोदलेत! सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी काही दिसत नाही. शिल्पावर चढू नका आणि रेषांत पाणी-खडू भरू नका.

आंबोलीच्या रात्रीच्या बेडूक-फेऱ्यांबद्दलही एक. तिथला आंबोली टोड अख्ख्या जगात फार थोड्या ठिकाणी उरलाय, पहिल्या पावसात कातळावर आणि रस्त्यावर उतरतो. टॉर्च पायाखाली ठेवून चाला, गाडी सावकाश हाका. बेडकांना उचलून "चांगल्या" पानावर बसवू नका. आपल्या हाताचं मीठ, क्रीम, डास पळवायचं मलम त्यांच्या कातडीतून आत जातं.

पाणकावळा | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

अजून एक, मोबाइलवाल्यांसाठी विशेष. घरटं, गरुडाचं झाड, धनेशाची ढोली, हुदाळ्यांची (पाणमांजरांची) जागा यांचे फोटो टाकताना लोकेशन काढून टाका. गावाचं नाव नको, "कोकण" पुरे. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप साठतात, ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून आधीच बंद करून ठेवता येतं. देवराईतले फोटो असतील तर काढायच्या आधी गुरवांना किंवा गावातल्या मानकऱ्यांना विचारा. काही रायांत चामडं चालत नाही, काही ठिकाणी आतल्या भागात जात नाहीत.

मधलीआळी | ८ डिसेंबर, सकाळी १०:०५

शेवटचा प्रश्न. मार्चमधले दिवस कसे निवडू? वेळासबरोबर मुलांना मगरीही दाखवायच्या आहेत.

खाजणकाठ | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

होळी मार्चमध्ये असेल तर होळीच्या पाठोपाठ या. पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी सहाला सुकती असते, त्यामुळे पुळण रुंद आणि ओली मिळेल. पण ते शिमग्याचे दिवस. गावात पालखी नाचत असते, घरोघरी पाहुणे असतात, तेव्हा राहायच्या घरी फोन करून जागा आणि जेवण आधी पक्कं करा. पिल्लं निघण्याचा अंदाजही तेच सांगतील. द्वितीया-तृतीयेपर्यंत वेळासला राहा, मग दापोलीवरून चिपळूणकडे सरका. चतुर्थी-पंचमीच्या सकाळी वाशिष्ठीत मालदोलीच्या बाजूला होडीतून मगरी बघता येतात. मार्चमध्ये ऊन लवकर तापतं आणि मगरी पाण्यात उतरतात, म्हणून आठलाच होडीत बसा. खाडीत पाणी उशिरा ओसरतं, चिखल नेमका कधी उघडा पडतो ते होडीवाल्याला आदल्या दिवशी विचारून घ्या. मगरीने डोकं उचललं किंवा पोट चिखलावरून वर घेतलं की तिथेच थांबायला सांगा, त्यापुढे गेलात की ती पाण्यात.

परतताना वेळ असेल तर गुहागर करा. दापोलीच्या बाजूने आलात तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे, गाडीसकट जाता येतं. फेरीत उजव्या हाताच्या कठड्याला उभे राहा. सकाळ असेल तर ऊन पाठीशी आणि खाडीचं तोंड समोर, तिथे कधीकधी डॉल्फिन असतात. पल्ला छोटा आहे, तेव्हा कॅमेरा धक्क्यावरच बाहेर काढून ठेवा.